चारशे बारा मुठींचा नकाशा

तोताराम पाटलाच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असतं. लग्नात असतं, मयतीत असतं. दाढीला बसला की न्हावी आधी ते बाजूला सारतो, मग कापड गुंडाळतो. त्यावर 'नेटवर्क प्रमुख' असं छापलंय आणि फोटो दहा वर्षांपूर्वीचा आहे, डोक्यावर केस होते तेव्हाचा. बारावीला दोनदा आपटलेला, धुळ्यात केबल टीव्हीच्या वायरी ओढून पोट भरलेला हा माणूस आज अडुसष्ट गावांना हवेतून इंटरनेट पुरवतो. त्यातलं कौतुक आधी उरकून घ्यावं, म्हणजे पुढचं मोकळेपणी सांगता येतं.

कौतुक असं. हवेतून जाणाऱ्या नेटला समोरासमोरची नजर लागते. एका मनोऱ्यावरची थाळी दुसऱ्या मनोऱ्यावरच्या थाळीला दिसली पाहिजे. मधे टेकाड, गोडाऊन, झाड, काहीही आलं की कारभार संपला. नरडाण्याच्या अंगाला अशी एक जोडणी फाल्गुनात लावली आणि चैत्रात ती आजारी पडली. पुण्याहून दोन इंजिनियर आले, लॅपटॉप उघडून दोन दिवस बसले, थाळ्या बदलल्या, वायरी बदलल्या. तिसऱ्या दिवशी तोताराम गेला, कपाळावर हाताची झापड धरून लांब पाहिलं आणि म्हणाला, "तो निंब देखा. तुम्ही पानगळमा मोजनी करी. आते पाला फुटना." दोन फांद्या छाटल्या, नेट चालू. तेव्हापासून त्याच्या डोळ्याला कंपनीत मान आहे, आणि तेव्हापासूनच तो बिघडला. डोळा चांगला आहे म्हणजे डोकंही चांगलंच असणार, असा त्याचा समज झाला, आणि तो समज मोडायला कुणाला सवड नव्हती.

कंपनीचं नाव झपाटा ब्रॉडबँड. मालक भूपेंद्र, म्हणजे सगळ्यांचा भूपाभाऊ. बापाची ट्रॅक्टरची एजन्सी होती, ती सांभाळायचा कंटाळा आला म्हणून हा धंदा काढला. त्याला इंटरनेटमधलं एवढंच कळतं की ते बंद पडलं की लोक त्याला फोन करतात. बाकीचं तोतारामला कळतं, असं त्यानं ठरवून टाकलेलं. तोताराम त्याला पाण्याच्या भाषेत समजावायचा: धुळ्यात आपली विहीर, सोनगीरच्या अंगाला मोठी टाकी, गावोगावी लहान टाक्या, मग घरोघर नळ. टाकीत पाणी किती सोडायचं, हे गावात पिणारी तोंडं किती त्यावर ठरतं. उपमा चांगली होती. तोंडं मोजायची वेळ आली तेव्हा काय झालं, तीच ही हकिगत.

आमच्या तामसबर्डीला एरवी नेटचा काही ताण नसतो. दीडशे घरांत जोडण्या, त्यातली निम्मी माणसं दिवसभर शेतात. पण श्रावणात आमची देवी कानबाई येते आणि सगळं गणित उलटंपालटं होतं. सुरतेला साड्यांच्या कारखान्यात गेलेले, पुण्याला गेलेले, जिथं जिथं म्हणून आमची माणसं पोटापाण्यासाठी पांगली ती सगळी गावाकडे येतात. दिवाळीला सुटी नाही मिळाली तरी चालेल, कानबाईला घर पाहिजे. रविवारी कानबाई बसते, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. गेल्या वर्षी त्या रविवारी दुपारी चारला तामसबर्डीचं नेट पडलं ते मंगळवारी सुरतेच्या गाड्या भरून गेल्यावरच उठलं. नेमकी तामसबर्डी ही भूपाभाऊची सासुरवाडी. त्याच्या साल्यानं, राजदीपनं, भरल्या ओसरीवर त्याला विचारलं होतं, "दाजी, ट्रॅक्टर बरा चाले ना तुमना?" हे वाक्य भूपाभाऊच्या छातीत वर्षभर रुतून होतं.

म्हणून यंदा आषाढातच त्यानं धुळ्याच्या ऑफिसात दोघांना समोर बसवलं. एक तोताराम, ज्याला ऑफिसात सगळे नाना म्हणतात. दुसरी संघमित्रा बिऱ्हाडे, वय चौतीस, धुळ्याचीच, पुण्यात एका मोठ्या कंपनीत आठ वर्षं नेटवर्क आखून आईच्या आजारपणामुळे परत आलेली. तिला भूपाभाऊनं नोकरी दिली होती, टेबल दिलं होतं, काम मात्र दिलं नव्हतं. गिऱ्हाइकांच्या तक्रारी लिहून घेणं म्हणजे काम नव्हे.

"साक्रीकडची बावीस गावं आपल्याला मिळताहेत," भूपाभाऊ म्हणाला. "नवे मनोरे, नवा नकाशा. तो कोण काढेल हे कानबाईनंतर ठरेल. नाना, यंदा तामसबर्डी उभी राहिली तर साक्री तुमची. पडली, तर खुर्ची मॅडमची आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली. पन्नाशीत वाईट वाटून घेऊ नका."

तोतारामनं ओळखपत्र सरळ केलं. "भाऊ, वाईट कशाला वाटंल? पडणारच नाही."

संघमित्राचं म्हणणं साधं होतं. गावच्या मनोऱ्याला एकच जोडणी आहे, दुसरी लावा. रेडिओची एक जोडी कपाटात शिल्लक आहे. आणि अंदाजपंचे नको, घरोघर जाऊन विचारा, कानबाईला तुमच्याकडे फोन किती येणार.

"घरोघर?" तोताराम हसला. "मॅडम, तामसबर्डी माझं गाव. घरोघर जायची गरज नाही. माझ्याकडे शास्त्रीय पद्धत आहे."

शास्त्रीय पद्धत म्हणजे रोट. कानबाईला प्रत्येक भाऊबंदकीत गहू मोजून घेतात, घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. मग तो दुबईला असो की पाळण्यात. त्या गव्हाच्या पिठाचा रोट, म्हणजे देवीचा नैवेद्य, आणि तो खायचा अधिकार फक्त भाऊबंदांना. सव्वा मुठीला सगळे 'मूठ'च म्हणतात. भाऊबंदकीत मुठी किती झाल्या हे म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं. चूक होत नाही, कारण चूक म्हणजे देवीचा कोप. तोतारामला वाटलं, सरकारलासुद्धा अशी जनगणना जमत नाही.

"कल्पना भारी आहे," भूपाभाऊ म्हणाला. त्याला सगळ्याच कल्पना भारी वाटायच्या, पैसे लागत नसतील तर.

"मूठ कुणामागे घेतात?" संघमित्रानं विचारलं.

"घरातल्या दर डोक्यामागे, मॅडम," भूपाभाऊनंच उत्तर दिलं, आणि ते देताना त्याच्या मनात तिळमात्र खोट नव्हती. त्याच्या आयुष्यात डोकी म्हणजे तेवढीच होती.

"तरी पण घरी जाऊन—"

"तुमच्यात रोट नसतो ना मॅडम," तोताराम मायेनं म्हणाला, "म्हणून तुम्हाला ते तितकंसं कळणार नाही."

ही माया आमच्याकडे फार. ती लावली की समोरच्याला जागा दाखवायचं काम न ओरडता होतं. संघमित्रानं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं नाना, सांगितलंत. मी लिहून ठेवते." आणि खरोखरच वहीत लिहिलं, तारखेसकट.

तोतारामनं फोन सुरू केले. पहिला फोन थोरल्या भावाला, हिलाल आबाला.

"राम राम आबा. यंदा रोट कितला मुठना शे?"

"तुले कसाले पाहिजे? गिरणी टाकी का काय?"

"नही आबा, नेटसाठे."

"नेटले रोट लागस?"

"तसं नही. माणसं मोजी ऱ्हायनू."

"एकतीस मुठी. सुरतवाला बठ्ठा येनार शेतस. आनि ते नेट का मरनं नं, तर नदीवर कानबाईना पयले तुले बुडावसू."

अशा चौदा भाऊबंदक्या झाल्या. बेरीज आली चारशे बारा. तोतारामनं त्यातून पाळण्यातले वजा केले, लकव्यानं पडलेले म्हातारे वजा केले आणि कागदावर लाल शाईनं लिहिलं: तीनशे चाळीस फोन. एक जोडणी पुरे. कागद भूपाभाऊच्या टेबलावर ठेवताना त्यानं दुसऱ्या जोडीचं कपाट कुलूपबंद केलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. मॅडमनं परस्पर काही उद्योग करू नये म्हणून. नकाशासुद्धा काढला: गाव मधोमध, भोवती चौदा गोल, प्रत्येक गोलात मुठींचा आकडा. तो त्यानं भिंतीवर लावला. येणारा-जाणारा विचारायचा, तोताराम सांगायचा, आणि ऐकणारे मान डोलवायचे. चहावाला, वीजवाला, बँकेचा माणूस, वसुलीवाला. एकाच्याही डोक्यात प्रश्न आला नाही. सगळ्यांच्या घरी रोट होत होता, आणि सगळ्यांची नावं त्यात होती.

रविवारी तोताराम नवा शर्ट घालून गावी आला. संध्याकाळी घरोघर कानबाई बसल्या, पुरणाचे दिवे लागले आणि नेट जरा जड झालं. चित्र फिरता फिरता थांबायचं, आवाज पुढं जायचा. "दाटी शे, पन चालू शे," असं म्हणत तोताराम ओसऱ्या फिरला. राजदीपच्या ओसरीवर मुद्दाम बसला. "कसं काय, पाटील? गेल्या साली या वेळेला मेलं होतं ना?" राजदीपनं पान पुढं केलं. तोतारामनं ते खाल्लं आणि साक्रीच्या बावीस गावांबद्दल अशा आवाजात बोलला, जणू सातबारा त्याच्या नावावर झालाय.

सोमवारी सकाळी नऊला कानबाया निघाल्या. डफ, ताशा, गुलाल, आणि पुढं बायांच्या फुगड्या. सव्वानऊला तामसबर्डीचं नेट बसलं. बसलं म्हणजे पाडसासारखं पाय दुमडून बसलं, उठेचना.

तोताराम गच्चीवर धावला. कपाळावर हाताची झापड धरली. मनोरा जागेवर, थाळी जागेवर, सोनगीरच्या दिशेला आभाळ स्वच्छ. मधे झाड नाही, पतंग नाही. त्याचा तो सुप्रसिद्ध डोळा सगळं बघून रिकामा परत आला. आधी तो म्हणाला, लाईट गेली. लाईट होती. मग म्हणाला, माकडानं वायर ओढली. तामसबर्डीत माकड शेवटचं कधी आलं हे कुणाला आठवत नाही. मग म्हणाला, लोकांचे फोनच हलके आहेत, चिनी.

तेवढ्यात धुळ्याहून संघमित्राचा फोन आला. साध्या फोनवर, कारण नेटवरचा लागतच नव्हता.

"नाना, गावात नऊशे सत्तर फोन लागलेत. मला इथं स्क्रीनवर दिसताहेत."

"शक्य नाही मॅडम. रोट चारशे बाराचा आहे."

"मग उरलेले कोण आहेत?"

"बाहेरगावचे असतील. घुसलेले."

"एका सकाळीत साडेपाचशे माणसं घुसली आणि तुम्हाला गच्चीवरून दिसली नाहीत? बरं, किल्ली कुठंय? मी दुसरी जोडी घेऊन निघते, तासाभरात लावू."

तोतारामचा हात कमरेकडे गेला. किल्ली तिथं होती, तामसबर्डीत, आणि कपाट धुळ्यात. तो माकडाचं काहीतरी पुटपुटला. संघमित्रा म्हणाली, "कळलं," आणि फोन ठेवला.

खाली गल्लीतून मिरवणूक चालली होती. चौरंग डोक्यावर घेतलेल्या बाया, आणि त्यांच्या मागंपुढं ज्या फुगड्या घालत नव्हत्या त्या सगळ्यांचे हात वर, हातात फोन. कुणी न आलेल्या बहिणीला कानबाई दाखवत होती, कुणी सुरतेच्या शेजारणीला, कुणी आजारी आईला. सुना, जावा, लेकी, नाती, म्हाताऱ्या. सगळ्या फोन हलवत होत्या, आभाळाकडे धरत होत्या, एकमेकींना विचारत होत्या, "तुनं लागस का वं?" "नही वं, गोल गोल फिरी ऱ्हायनं!" तोताराम गच्चीच्या कठड्यावरून हे सगळं पाहत होता आणि ते साडेपाचशे लोक कोण असावेत याचा विचार करत होता.

जिन्यावरून कुंदाबाई वर आली. तोतारामची बायको. तिच्या हातातही फोन होता. नाशिकला बाळंतपणाला अडकलेल्या ज्योतीला, थोरल्या लेकीला, घरची कानबाई दाखवायची म्हणून पहाटेपासून नटून बसलेली.

"काय व्हयनं तुमना नेटले?"

"चारशे बारा माणसं धरेल व्हतात. आनि लागनात नऊशे सत्तर! कोठून उनात, समजत नही."

"चारशे बारा कसावरतून धरात?"

"रोटवरतून."

कुंदाबाईनं पदर हातात घेतला. मग तिनं कपाळाचं कुंकू पुसणार नाही इतक्या हळू घाम टिपला. "रोटमा मी शे का?"

"तू कसाले रोटमा ऱ्हाशी?"

"जेठानी शे? तिन्या तीन वहू शेतस? मन्या पोरी सारिका, ऋतिका?" ती एकेक बोट त्याच्या नाकासमोर दुमडत गेली. "तेवीस बाया आपला घरमा, तेवीस फोन. गहू आम्ही निवडात, दळात आम्ही, रोट आम्ही करा. आनि तुमना कागदवर आम्ही नहीत!"

"अवं पन रोटमा बाया मोजतच नहीत. रीत शे."

"देवीनी रीत देवीसाठे शे. तुमना मनोरा काय कानबाई शे का?"

खाली जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ, ऐकत होती. तिनं ते पुढच्या बाईला सांगितलं. कानबाई नदीवर पोचायच्या आत साऱ्या मिरवणुकीला कळलं होतं की नेट का पडलं. फुगड्या घालणाऱ्या बायांनी तिथल्या तिथं उखाणा जुळवला, त्यात तोतारामचं नाव घालून त्याला मुठीत मोजला. तो उखाणा छापण्याजोगा नाही.

मंगळवारी धुळ्याच्या ऑफिसात तोताराम वेळेवर आला. आपली चूक काय झाली हे त्याला आता पक्कं ठाऊक होतं. बायकोनं बोटं दुमडून सांगितलेलं होतं. सरळ माणूस असता तर म्हणाला असता, भाऊ, चुकलं, बाया मोजायच्या राहिल्या. खुर्ची गेली असती पण मान राहिला असता. पण आपल्याकडे माणूस चूक कबूल करण्यापेक्षा चुकीचंच तत्त्व करतो.

"भाऊ," तो म्हणाला, "माझी मोजणी बरोबर होती. चारशे बारा म्हणजे चारशे बारा, एकही कमी-जास्त नाही. बायांनी विनाकारण फोन लावले. बायांचा वापर आपल्या हातात नाही."

आणि भूपाभाऊनं मान डोलावली! "हे खरं आहे. बाया फार वापरतात. आमच्या घरीसुद्धा." दोघांच्या चेहऱ्यावर एकदम गारवा आला. दोष बाहेर गेला होता. भूपाभाऊ पुढं म्हणाला, "पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी वेगळी योजनाच काढू. महिला पॅक. राउटरचा डबा गुलाबी द्यायचा."

संघमित्रानं वही बाजूला ठेवली. मग तिनं विचारलं, "भाऊ, तुमच्या घरचा रोट किती मुठींचा?"

"नऊ."

"आणि घरात फोन किती?"

पुरुषांचे नऊ धरून भूपाभाऊनं पुढं बोटं मोजायला सुरुवात केली. आईचे दोन, बायकोचा, तीन लेकी, दोन वहिन्या, त्यांच्या लेकी, काकू. एक हात संपला, दुसरा संपला, तो पुन्हा पहिल्यावर आला. "एकवीस," तो म्हणाला, आणि स्वतःच्या हातांकडे असा पाहायला लागला जणू ते काल रात्री कुणीतरी आणून लावलेत.

"नऊ मुठींनी तुमच्या घराला नेट दिलं तर पहिलं कोण ओरडेल?"

याचं उत्तर भूपाभाऊला लगेच आलं, कारण त्याची आई ओरडते तेव्हा पाचकंदिलाच्या चौकापर्यंत ऐकू जातं. त्याला काही उमगलं वगैरे असं समजू नये. बाया मोजल्या पाहिजेत म्हणून नाही, राजदीपनं सोमवारपासून चार वेळा फोन करून ट्रॅक्टरचा भाव विचारला होता म्हणून त्यानं निर्णय दिला.

"साक्री मॅडम बघतील. नाना, तुम्ही त्यांच्याबरोबर जा. मनोऱ्याच्या जागा तुमच्याइतक्या कुणाला कळत नाहीत. पगार तोच."

"पगाराचं नाही भाऊ," तोताराम म्हणाला. "माझ्या पद्धतीचा अपमान झाला."

"तो तामसबर्डीनं सोमवारीच केला," भूपाभाऊ म्हणाला, आणि त्याच्या आयुष्यातलं हे एकमेव वाक्य मला बरं वाटलं.

भाद्रपदात दोघं साक्रीच्या पश्चिमेला एका डोंगरगावात गेले. आठवड्याचा बाजार नव्हता, गाव निवांत होतं. संघमित्रानं छापील कागद केले होते: घर, घरातली माणसं, फोन किती, कोण कधी वापरतं. वरच्या आळीला ती निघाली, खालची आळी तोतारामला दिली. पहिल्याच घरी अंगणात घरधनी खाटेवर बसून दोरी वळत होता.

"राम राम. घरात किती जण?" तोतारामनं विचारलं.

"पाच जण, साहेब."

तोतारामनं पाच लिहिलं. खाली रेघ मारली. तेवढ्यात दारातून एक बाई फोन कानाला लावून बोलत बाहेर आली, त्याला वाट द्यायला जरा बाजूला सरली आणि तुळशीमागं जाऊन बोलत राहिली. तिच्यामागून दुसरी, कडेवर पोर आणि खांद्यात मान वाकवून फोन. आत चुलीपाशी कुणाच्या तरी फोनवर भजन चाललं होतं. तोतारामनं कागदाची घडी घातली आणि पुढच्या घरी गेला.

अर्ध्या तासानं संघमित्रा खालच्या आळीत उतरली. त्याच्या हातातले अकरा कागद तिनं घेतले, वाचले, आणि पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात केली. दाराशी उभी राहिली नाही, सरळ आत चुलीपाशी गेली. "नाना," तिनं आतून आवाज दिला, "तुम्ही मनोऱ्याची जागा बघा."

"बघतो ना," तोताराम म्हणाला. टेकाडावर चढला, कपाळावर हाताची झापड धरली आणि लांब पाहिलं. जागा त्याला पाच मिनिटांत सापडली, आणि ती बरोबर होती.